खानापूर भागातल्या शाळेची संगणक लॅब: वीज नेमकी कुठं जाते आणि काय बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका हायस्कूलच्या लॅबमध्ये २० डेस्कटॉप आहेत: चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुन्या हार्ड डिस्क, साडेएकोणीस इंची एलईडी मॉनिटर. प्रत्येकाला ६०० व्हीएचा यूपीएस. एक जुना टॉवर सर्व्हर, दीड टनाचे दोन एसी. बिल जास्त येतं, यूपीएसच्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत बसतात. संस्थेचं म्हणणं, सगळं मोडीत काढून नवे संगणक घेऊ आणि छतावर सोलर बसवू. पर्यावरणाच्या दृष्टीनं हे बरोबर का, असं मुख्याध्यापकांनी विचारलंय.

सर, दोन्ही बेत तूर्त थांबवा. तुमच्याकडची बरीच वीज मुलं शिकत असतात तेव्हा जातच नाही. लॅबला कुलूप असतं तेव्हा ती जाते. नवे संगणक आणले तरी ती गळती तशीच राहील आणि सोलरची वीजही त्यातूनच गळेल.

आधी मोजा. सॉकेटमध्ये बसवायचा छोटा वॅटमीटर मिळतो. एक घेतला तरी पुरे, तो जागोजागी फिरवता येतो. तोही नको असेल तर हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. मीटरवर ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काही छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक. रविवारी सकाळी शाळेत सगळं ‘बंद’ असताना एक मिनिट मोजा. १६ वेळा लुकलुकला तर त्या क्षणी ३०० वॅट चालू आहेत. सूत्र सोपं आहे: लुकलुकींची संख्या गुणिले ३६ लाख, भागिले (मीटरवरचा आकडा गुणिले सेकंद). मग मेनबोर्डावरचा एकेक एमसीबी (जादा भाराला आपोआप पडणारा स्विच) पाडत जा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजा. कुठल्या खोलीची लाईन किती ओढते ते अर्ध्या तासात कळतं.

तुमच्या लॅबसारख्या लॅबचा हिशेब साधारण असा लागतो. संगणक आणि मॉनिटर मिळून ६० वॅट. रोज ५ तास, महिन्याला २२ दिवस, २० मशीन: १३२ युनिट. हा खरा शिकवण्याचा खर्च. दोन तासिकांच्या मध्ये आणि जेवणाच्या सुट्टीत चालूच राहिलेले दिवसाचे ३ तास धरले तर आणखी ७९ युनिट. यूपीएसवर काहीच चालू नसलं तरी तो आपल्या ट्रान्सफॉर्मरसाठी आणि चार्जिंगसाठी ५ ते १० वॅट खातो. ८ धरा, भिंतीवरचा स्विच रात्रीही चालूच राहतो असं धरून २० यूपीएस, चोवीस तास, तीस दिवस: ११५ युनिट. त्यातली फक्त १७-१८ युनिट तासिकांच्या वेळेत पडतात, बाकी जवळपास सगळी बंद खोलीत. सोमवारी सकाळी लॅब उघडल्या उघडल्या यूपीएसच्या पत्र्यावर हात ठेवून बघा. तो कोमट लागला तर रविवारभर वीज तिथं उष्णता होऊन गेलेली असते. शटडाऊन केलेला संगणकही पूर्ण बंद नसतो. नेटवर्क कार्ड आणि यूएसबीसाठी त्याचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) दीड-दोन वॅट घेत राहतो, त्याची महिन्याला २२ युनिट. सर्व्हर बसल्या बसल्या १२० वॅट, चोवीस तास: ८६ युनिट. एसीचं पुढं बोलू.

म्हणजे मुलांच्या हाताखाली १३२ युनिट आणि बाकी ठिकाणी जवळपास ३००.

यूपीएसपासून सुरुवात करा, कारण बॅटऱ्या मरण्याचं कारणही बहुधा तिथंच सापडेल. बऱ्याच शाळांत शिपाई संध्याकाळी भिंतीवरचा मेन स्विच पाडून जातो, पण यूपीएसचं पुढचं बटण चालूच राहतं. यूपीएसला वाटतं लाईट गेली. तो रात्री बॅटरीवर जातो, कुणी ऐकायला नसताना टीं-टीं करत राहतो आणि बॅटरी तळाला जाईपर्यंत थांबत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटवर सल्फेट साचतं, तिची क्षमता परत येत नाही. रोज असं झालं तर वर्षभरातच ती बसते. उलट मेन चालू ठेवून फक्त यूपीएसचं बटण बंद केलं तर बॅटरी वाचते, पण चार्जर चालूच राहतो आणि वीज जाते.

क्रम असा हवा: संगणक शटडाऊन, मग यूपीएसचं पुढचं बटण बंद, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरचा स्विच. हा क्रम मोठ्या अक्षरांत मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून बोर्डाशेजारी चिकटवा, कारण लॅब बंद करणारा माणूस दरवेळी तोच असेल असं नाही. बॅटरी भरायला ६ ते ८ तास लागतात. शाळेच्या वेळेत ती भरून निघते, रात्रीच्या चार्जिंगची गरज नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र महिन्यातून एक दिवस सगळे यूपीएस दिवसभर चार्जिंगला लावा. पडून असलेली बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरते आणि उष्ण खोलीत जास्त लवकर उतरते. तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांना या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून यूपीएस पश्चिमेच्या उन्हाच्या खिडकीखाली नको.

दुसरं, २० यूपीएस लागतातच कशाला? ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, तुमचं मशीन ६० घेतं. एका यूपीएसवर दोन संगणक आरामात चालतात आणि चांगल्या बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटं मिळतात. काम सेव्ह करून बंद करायला एवढं खूप झालं. लेसर प्रिंटर मात्र कुठल्याही यूपीएसला लावू नका. तो तापताना एकदम जो करंट ओढतो त्यानं यूपीएस ट्रिप होतो आणि शेजारचा संगणकही बसतो. दहा यूपीएस आणि तेही फक्त शाळेच्या वेळेत, म्हणजे ११५ युनिटांची १४ होतात.

मोठा इन्व्हर्टर घेऊन सगळी लॅब त्यावर टाका असं दुकानदार सांगतील. खानापूरच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीकडं, पावसात झाड तारेवर पडलं की लाईट तासन्‌तास येत नाही. तिथं पूर्ण तासिका बॅटरीवर चालवायची असेल तर तो मार्ग ठीक आहे. पण वजनाचा हिशेब करा. यूपीएसमधली ७ एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) छोटी बॅटरी दोन किलोच्या थोडी वर भरते, दहा यूपीएसना मिळून वीस-बावीस किलो. इन्व्हर्टरची १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरीच पन्नास-साठ किलोची आणि २० मशीनना तशा तीन तरी लागतात. शिसं आणि आम्ल कमी वापरायचं हा हेतू असेल तर दहा छोटे यूपीएस बरे. इन्व्हर्टर घेतलाच तर साइन वेव्हचाच (लाईनच्या विजेसारखी सलग लहर देणारा) घ्या आणि त्याला यूपीएस मोड (लाईट जाताच क्षणात बॅटरीवर जाण्याची सोय) असल्याची खात्री करा. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर चांगल्या प्रतीचे, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे एसएमपीएस बदलाच्या क्षणी बंद पडतात. बॅटऱ्या वर्गात नको, हवेशीर व्हरांड्यात हव्यात. पाणी फक्त डिस्टिल्ड, आणि पातळी दर दोन-तीन महिन्यांनी बघायची.

आता संगणक. ते दिवसभर चालू का राहतात? मुलांना शिस्त नाही म्हणून नव्हे. जुन्या हार्ड डिस्कवर मशीन उघडायलाच तीन-चार मिनिटं लागतात आणि ४० मिनिटांच्या तासिकेतली चार मिनिटं कुठलाही शिक्षक घालवणार नाही. म्हणून सकाळी चालू केलेलं मशीन संध्याकाळीच बंद होतं. इथं एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, लागते. तिच्यामुळं थेट वाचणारी वीज थोडी आहे, मशीनमागं चार-पाच वॅट. पण मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत उघडायला लागलं की ते बंद करायला कुणाचा हात अडखळत नाही. प्रत्येकी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी आणि रॅम ४ ची ८ जीबी. तुमच्या बोर्डांना डीडीआर-थ्री रॅम लागते, डीडीआर-फोर खाचेत बसतच नाही. बोर्डवर साटाचे वेगवेगळ्या वेगाचे पोर्ट असतात, त्यातल्या सेकंदाला ६ गिगाबिटच्या पोर्टला केबल लावा. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड एएचसीआय हवा. जुन्या डिस्कची नक्कल करत बसण्यापेक्षा सिस्टीम कोरी टाकलेली बरी, वर्षांचा कचरा बरोबर येत नाही.

पेटी उघडलीच आहे तर आणखी तीन कामं उरका. धूळ काढा, पण ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. बेळगावच्या उद्यमबागसारख्या फाउंड्रीच्या पट्ट्यात ऑफिस असेल तर ही सफाई दर तीन महिन्यांनी हवी, कारण त्या धुळीत लोखंडाचा आणि ग्रॅफाइटचा अंश असतो, तो वीजवाहक आहे आणि बोर्डवर शॉर्ट करतो.

तिसरं काम लोक हमखास विसरतात: नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी बदलणं. रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद होऊ लागला की घड्याळाचा सगळा भार हिच्यावर येतो. दहा वर्षांची बॅटरी महिन्याभरात मान टाकते. मग तारीख मागं जाते, वेबसाइट ‘प्रमाणपत्र अवैध’ म्हणून उघडत नाहीत आणि बायॉसमधल्या तुम्ही केलेल्या सेटिंगाही पुसल्या जातात. विसाच्या विसा एकदम बदला.

बायॉसमध्ये दोन गोष्टी करायच्या. ‘ईआरपी’ नावाचा पर्याय असेल तर चालू करा, शटडाऊननंतरचा खप अर्ध्या वॅटच्या आसपास येतो. (यानं नेटवर्कवरून मशीन उठवण्याची सोय जाते. शाळेला ती क्वचितच लागते.) आणि ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हा पर्याय ‘पॉवर ऑफ’ वर ठेवा. आपल्याकडं हे फार महत्त्वाचं आहे. तो ‘पॉवर ऑन’ वर असला की रात्री दोनला गेलेली लाईट परत आली की मशीन आपोआप सुरू होतात आणि सकाळपर्यंत चालतात. सकाळी स्विच टाकल्यावर वीसच्या वीस एकदम उठले तर एमसीबीही पडतो.

सिस्टीममध्ये पडदा ५ मिनिटांनी बंद आणि मशीन १५ मिनिटांनी स्लीप. स्क्रीनसेव्हर काढून टाका, तो पडदा पेटताच ठेवतो. ‘अलाऊ वेक टायमर्स’ बंद करा, नाहीतर रात्री अपडेटसाठी मशीन जागं होतं. संध्याकाळी सव्वापाचला आपोआप शटडाऊन होईल असं टास्क शेड्युलरमध्ये लावा, पाच मिनिटांची सूचना देऊन. काही जुन्या बोर्डांवर स्लीपमधून उठताना पडदा काळाच राहतो. म्हणून आधी एकाच मशीनवर आठवडाभर बघा, मग बाकीच्यांवर लावा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. हेच कारण देऊन चांगली मशीन भंगारात काढली जाताहेत, याचं मनापासून वाईट वाटतं. लिनक्स मिंट किंवा उबुंटू ८ जीबी रॅमवर छान चालतं. ब्राउझर, लिब्रे-ऑफिस, स्क्रॅच, पायथन हे सगळं त्यावर आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मराठी आणि कन्नड दोन्हींना एकाच मांडणीनं चालतो, ‘क’ दोन्हींत एकाच बटणावर. बेळगाव भागातल्या मुलांना याचा फार उपयोग आहे. कन्नड टंकलेखनाचं नुडी, श्रीलिपी किंवा हिशेबाचं टॅली यांसाठी विंडोज लागतं. ऑफिसकामाला एक-दोन मशीन विंडोज ११ ला पात्र असलेली ठेवा, म्हणजे इंटेलची आठव्या पिढीपासून पुढची. विसाच्या विसांना त्याची गरज नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, नवे घ्यावेत का. नवा छोटा डेस्कटॉप तयार होताना जो कार्बन बाहेर पडतो तो कंपन्यांच्याच पत्रकांत मॉडेलप्रमाणं शंभरापासून अडीच-तीनशे किलोपर्यंत असतो. २०० धरू. तुमच्या मशीनपेक्षा तो ३० वॅट कमी घेईल. दिवसाला ५ तास, वर्षाला १० महिने, म्हणजे ११०० तास: वर्षाला ३३ युनिट वाचतील. भारतीय ग्रिडच्या एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे वर्षाला २३ किलो. निर्मितीचा बोजा फिटायला साडेआठ वर्षं. तोवर तोही जुना झाला.

सर्व्हरचं गणित याच्या अगदी उलट आहे. १२० वॅटच्या जागी १५ वॅटचा मिनी पीसी ठेवला तर चोवीस तासांच्या हिशेबानं वर्षाला सुमारे ९२० युनिट, म्हणजे ६४० किलो वाचतात. चार महिन्यांत बोजा फिटतो. म्हणून दिवसरात्र चालणारं यंत्र आधी बदला, दिवसाला पाच तास चालणारं दुरुस्त करून वापरा. मिनी पीसी कोल्हापूर किंवा हुबळीच्या बाजारात रिफर्बिश्ड मिळाला तर आणखी चांगलं. त्याआधी सर्व्हरवर नेमकं काय आहे ते बघा. शाळेची ‘सॅट्स’ची (कर्नाटक शिक्षण खात्याच्या विद्यार्थी नोंदींची) नोंदणी ऑनलाइनच होते. प्रश्नपत्रिका आणि फोटो ठेवण्यापुरता सर्व्हर असेल तर लॅबमधलं एक मशीन तेच काम करील, तेही फक्त शाळेच्या वेळेत. सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि राउटर तेवढे रात्री चालू राहू द्या. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. त्याच्यासाठी इन्व्हर्टर जागा ठेवू नका.

एसी दोन्ही चालवले तर महिन्याला अडीचशे युनिटांच्या पुढं सहज जातात, लॅबमधला सगळ्यात मोठा आकडा. पण एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत शाळेला सुट्टी असते, आणि खानापूरला जूनपासून फेब्रुवारीपर्यंत वर्गाला एसी लागू नये. उरतात साधारण सहा आठवडे. त्यात तापमान २६ किंवा २७ वर ठेवा आणि पंखे सोबत चालवा. सेटिंग एक अंशानं वाढवलं की एसीचा खप सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. वीस संगणक १२०० वॅट उष्णता सोडतात आणि चाळीस मुलं त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून समोरासमोर खिडक्या आणि वर एक्झॉस्ट पंखा यांचं काम मोठं आहे. सर्व्हरच्या खोलीत १८ अंश ठेवण्याची पद्धत सोडून द्या, आत जाणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते.

पावसाळ्यात मात्र वीज वाचवायची म्हणून मशीन आठवडे-आठवडे बंद ठेवू नका. जून ते सप्टेंबर या भागातली हवा भिजलेली असते. थंड पडलेल्या बोर्डवर ओल बसते, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात आणि मशीन नुसतं बीप देतं. (रॅम काढून पट्ट्यांवर मऊ खोडरबर फिरवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं चालू होतं.) आठवड्यातून दोनदा सगळी मशीन तासभर चालवा. २० मशीनना एका वेळेला एक-सव्वा युनिट लागतं, बोर्ड बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. एक्झॉस्ट पंखा त्या दिवसांत बंद ठेवा, तो बाहेरची ओलच आत ओढतो.

सोलर नंतर. आधी खप खाली आणा, तीन महिन्यांची बिलं बघा, मग किती किलोवॅट ते ठरवा. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिट देतो, जुलै-ऑगस्टमध्ये खूप कमी. ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद होतं, तेव्हा लाईट जाते म्हणून ते बसवत असाल तर निराशा होईल.

राहिलं निघालेलं सामान: वीस हार्ड डिस्क, दहा यूपीएस, जुन्या बॅटऱ्या, सर्व्हर, आणि कपाटावर धूळ खात असलेले काचेचे जुने मॉनिटर असतील तर तेही. भंगारवाल्याला एकगठ्ठा देऊ नका. तो तांब्यासाठी वायर जाळतो, त्या धुरात डायॉक्सिन असतात. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं आणि बॅटरीचं आम्ल बहुधा नाल्यात जातं. जुन्या बॅटऱ्या नव्या घेताना विक्रेत्याला वजनावर परत द्या. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बाकीच्या सामानासाठी कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या प्रादेशिक कार्यालयातून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी मिळवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत हीच व्यवस्था आहे. एकट्या शाळेच्या सामानासाठी गाडी येत नसेल तर आसपासच्या तीन-चार शाळा आणि पतसंस्था मिळून एकाच दिवशी द्या. हार्ड डिस्कवर मुलांची नावं, आधार क्रमांक, गुणपत्रकं असतात. नुसतं फॉरमॅट करून भागत नाही, पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून काढा, आणि जी डिस्क चालतच नाही तिला ड्रिलनं आरपार भोक पाडा. चांगल्यातल्या दोन बॅकअपसाठी ठेवा. डेडस्टॉक रजिस्टरला निर्लेखनाची (वस्तू कमी केल्याची) नोंद करताना नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याची वजनासह पावती सोबत लावा.